घरातले पाळणाघर आणि पहिली तपासणी

(मंडळाच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

मंडळाच्या महिला विभागाने आम्हांला जो विषय दिला आहे, तो वरवर पाहता लहान वाटेल. घरी लहान मुले सांभाळणारी बाई, म्हणजे या देशाच्या भाषेत चाइल्डमाइंडर, हिने आपल्या पहिल्या सरकारी तपासणीची तयारी कशी करावी, एवढाच तो विषय. परंतु या लहान प्रश्नाच्या पोटात आपल्या अनेक भगिनींच्या रोजीरोटीचा, स्वाभिमानाचा आणि कोवळ्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न दडलेला आहे. म्हणून त्यावर आज सविस्तर बोलावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या लोकांत दुसऱ्यांची मुले सांभाळणे नवे नाही. आई रुग्णालयात नर्स, बाप गोदामात पाळीवर; मग मूल ओळखीच्या बाईकडे ठेवले जाते. महिन्याला काही पौंड हातावर पडतात. अशा भगिनीला आम्ही विचारतो, "ताई, नोंदणी का करीत नाही?" उत्तर बहुतेक वेळा एकच येते : "नोंदणी केली की ऑफस्टेडचा इन्स्पेक्टर घरी येणार. घर लहान, इंग्रजी तोडके. कशाला ती आफत ओढवून घ्यायची?"

भगिनींनो, या उत्तराची किंमत आपण नीट समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमधील कायदा असा आहे की, आठ वर्षांखालील मूल मोबदला घेऊन आपल्या घरी दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळायचे असेल, तर नोंदणी बंधनकारक आहे. नात्यातल्या मुलांची गोष्ट वेगळी. बाकी "ओळखीतलेच आहेत" ही सबब २००६ च्या चाइल्डकेअर कायद्यापुढे चालत नाही. नोंदणीशिवाय हे काम करणे गुन्हा ठरू शकतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आई-वडिलांच्या नऊ महिन्यांपुढील मुलांना, उत्पन्नाच्या अटी पूर्ण होत असल्यास, वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला ३० तासांपर्यंत सरकारी खर्चाने सांभाळण्याची सोय झाली आहे. परंतु तो पैसा फक्त नोंदणीकृत ठिकाणीच मिळतो. म्हणजे नोंदणी न करणारी आपली भगिनी आईचेही नुकसान करते आणि स्वतःचेही. एका दिवसाच्या तपासणीला भिऊन ती रोजची भीती विकत घेते. दारावर थाप पडली की तिच्या छातीत धस्स होते. हे जिणे स्वाभिमानाचे नव्हे.

येथे जमलेल्या विद्यार्थिनींना एक सूचना. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि चाइल्डमाइंडिंग हा स्वयंरोजगारच आहे. तेव्हा त्या व्हिसावर असताना आपण हा व्यवसाय सुरू करू नये. मात्र आपल्यापैकी पुष्कळजण आपल्याच समाजातील कुटुंबांत खोली भाड्याने घेऊन राहतात. घरमालकीण बाई मुले सांभाळत असतील तर आजचा विषय आपलाही आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रथम हे काम हलके नाही, हे मनावर ठसवू या. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे झाली आणि त्यांची अर्भके सावित्रीबाईंनी सांभाळली. त्यांतीलच यशवंताला त्यांनी दत्तक घेऊन डॉक्टर केले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील सवलतींच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आई आणि मूल यांची काळजी हा एकट्या घराचा प्रश्न नसून समाजाचाही आहे, हे आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखले होते. मग घरी मूल सांभाळणाऱ्या बाईने "मी काय, घरीच असते," असे खाली मान घालून का सांगावे?

आता तपासणीकडे वळू या. या देशात घरी मुले सांभाळणाऱ्यांवर सरकारी देखरेख १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. पुढे ती स्थानिक कौन्सिलांकडे होती. सप्टेंबर २००१ पासून हे काम ऑफस्टेडकडे आले. आपल्या भगिनींच्या मनात येथे एक गोंधळ असतो. नोंदणीच्या वेळी अधिकारी घर पाहून जातो आणि प्रश्न विचारतो, ती झाली नोंदणीची भेट. काम सुरू झाल्यावर, मुले प्रत्यक्ष घरात असताना होते ती पहिली तपासणी. पूर्वी ही पहिली तपासणी नोंदणीनंतर तीस महिन्यांच्या आत होत असे. एप्रिल २०२६ पासून नव्या ठिकाणांची पहिली तपासणी अठरा महिन्यांच्या आत करण्याचे धोरण सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे "अजून पुष्कळ वेळ आहे" असे म्हणून स्वस्थ बसण्याचे दिवस संपले.

धम्माचे एक लक्षण आपण वंदनेत नेहमी म्हणतो : एहिपस्सिको. या आणि स्वतः पाहा. तथागतांनी आपल्या धम्मालासुद्धा तपासणीपासून सूट दिली नाही. मग आपल्या घराच्या दारात उभे राहून "या आणि पाहा" असे म्हणण्यात आपणांस संकोच का वाटावा? ज्या घरात लपविण्यासारखे काही नाही, त्या घराला तपासणीचे भय नाही. परंतु असे घर एका रात्रीत तयार होत नाही.

मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवंत बाल राहुलाला विचारतात की, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. त्यावर भगवंत त्याला शिकवतात की, तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे. त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होते काय, हे तपासावे. भगिनींनो, मुले सांभाळण्याच्या कामाला यापेक्षा चांगली मार्गदर्शिका आम्हांला सापडलेली नाही. याच तीन पायऱ्यांनी आम्ही तयारी सांगतो.

पहिली पायरी : मूल येण्यापूर्वी.

सकाळी मूल दारात येण्याआधी स्वतः खाली बसा आणि मुलाच्या उंचीवरून घर पाहा. ओट्याच्या कडेला ठेवलेला चहाचा कप, खिडकीच्या पडद्याची लोंबणारी दोरी, जिन्याचे फाटक, पर्समधला बाम आणि गोळ्या, मोरीजवळची फिनेलची बाटली. आपल्या घरांत आणखी एक जागा असते : बुद्धमूर्तीपुढील मेणबत्ती, अगरबत्ती आणि काडेपेटी. वंदना अवश्य करा. पण मुले येण्यापूर्वी किंवा गेल्यानंतर. मुले असताना मूर्तीपुढे फुले ठेवा, ज्योत नको. धुराचा इशारा देणारे यंत्र चालू आहे की नाही, ते बटण दाबून नियमाने पाहा.

संख्येचे भान ठेवा. एका चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले सांभाळता येतात. त्यांत शाळेच्या पहिल्या पायरीखालची लहान मुले तीन, आणि त्या तिघांत एक वर्षाखालचे सर्वसाधारणपणे एकच. स्वतःची मुलेही या संख्येत धरली जातात. भावंडांसाठी वगैरे काही अपवाद आहेत, पण ते नियम वाचून आणि कारण सांगता येईल अशाच रीतीने वापरावेत. "आज एकच जास्त आहे, शेजारणीचे आहे" असे येथे चालत नाही.

आता घरातल्या माणसांविषयी. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची डीबीएस, म्हणजे पूर्ववृत्ताची तपासणी, व्हावी लागते. आणि येथेच आमच्या विद्यार्थी मित्रांचा संबंध येतो. मागच्या खोलीत राहायला आलेला विद्यार्थी, गावाहून मुक्कामाला आलेला दीर, शिकायला आलेला भाचा, हे घरात राहू लागले की ऑफस्टेडला कळवावे लागते. परदेशातून आलेल्याला त्या देशातील पोलिसांचा दाखलाही मागितला जाऊ शकतो. यात कुणाचा अपमान नाही. विद्यार्थी मित्रांनो, घरमालकीण बाईंनी कागद मागितले तर रागावू नका. त्या मुलांचे रक्षण करीत आहेत. आणि भगिनींनो, पाहुणा आहे म्हणून भिडेपोटी गप्प राहू नका.

कागदपत्रांचा बाऊ करू नका, पण जे हवे ते एका फाइलीत हाताशी ठेवा. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा पूर्ण अभ्यासक्रम करावा लागतो आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. विम्याचा कागद, नोंदणीचे प्रमाणपत्र, मुलांची रोजची हजेरी वेळेसह, प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पालकांचे पत्ते आणि अडचणीच्या वेळचे फोन, अपघाताची आणि औषधाची नोंद, औषध देण्यास पालकांची लेखी संमती, एवढे नीट असावे. चाइल्डमाइंडरने जाडजूड लेखी धोरणे तयार करावीत, अशी सक्ती नाही. मात्र आपण काय करतो आणि का करतो, हे पालकांना व तपासनिसाला तोंडी समजावून सांगता आले पाहिजे. बाजारातून छापील धोरणे विकत आणून फाइल फुगवणाऱ्या बाईपेक्षा, साध्या शब्दांत स्वतःची रीत सांगणारी बाई तपासनिसाला अधिक पटते.

दुसरी पायरी : मूल घरात असताना.

येथे खरी तपासणी आहे. तपासनीस आपली खुर्ची, पडदे, सोफा पाहायला येत नाही. या बाईच्या सहवासात मूल आनंदी आहे काय, सुरक्षित आहे काय, शिकते आहे काय, हे तो पाहतो. पाच वर्षांखालील मुलांच्या संगोपनाची जी सरकारी चौकट आहे, तिची चाइल्डमाइंडरसाठी स्वतंत्र आवृत्ती जानेवारी २०२४ पासून लागू झाली. ती मिळवून वाचावी. त्या चौकटीत शिक्षणाची सात क्षेत्रे आहेत. त्यांतील तीन पायाची : भाषा व संवाद, शरीराची वाढ, आणि स्वतःला व इतरांना समजून घेणे. उरलेली चार म्हणजे वाचन-लेखन, गणित, जगाची ओळख आणि कला.

ही नावे ऐकून घाबरू नका. कणकेचा गोळा मळताना मुलाच्या बोटांत जोर येतो. वाट्या लहान-मोठ्या क्रमाने लावताना गणित होते. भाजी आणायला जाताना रस्त्यावरची झाडे, बस, पोस्टमन दाखवला की जगाची ओळख होते. फरक एवढाच की, आपण हे नकळत करीत होतो. आता जाणूनबुजून करायचे आणि सांगायचे. हे मूल काल तीन वाट्या मोजत होते, म्हणून आज पाच ठेवल्या, हे एक वाक्य दहा पानी तक्त्यापेक्षा मोलाचे आहे.

भाषेविषयी आपल्या मनात फार न्यूनगंड आहे. मराठी घरातले मूल असेल तर त्याच्याशी मराठी बोलावे की नाही, अशी शंका विचारली जाते. ती चौकटच सांगते की, ज्या मुलाच्या घरची भाषा वेगळी आहे, त्याला ती भाषा खेळात आणि शिकण्यात वापरण्याची संधी द्यावी, आणि त्याबरोबरच शाळेत जाण्यापूर्वी चांगले इंग्रजी कानावर पडेल अशी व्यवस्था करावी. तेव्हा चिऊ-काऊची गोष्ट मराठीत अवश्य सांगा आणि इंग्रजी चित्रांचे पुस्तकही रोज वाचा. आपली भाषा ही लपवायची गोष्ट नाही, ती आपली जमेची बाजू आहे. तोडक्या इंग्रजीची भीती वाटते त्यांना आमचा सल्ला असा की, आपल्या कामाविषयी दहा वाक्ये इंग्रजीत रोज मोठ्याने बोलण्याचा सराव करा. प्रश्न समजला नाही तर "कृपया पुन्हा विचारा" म्हणण्यात कमीपणा नाही. मात्र मुलांच्या काळजीपुरते आणि संकटात मदत मागण्यापुरते इंग्रजी आलेच पाहिजे, ही अट मुलाच्या हिताची आहे.

जेवणाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरात विशेष सावध राहिले पाहिजे. शेंगदाण्याचे कूट आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत सर्वत्र असते. कुणाला कशाची ॲलर्जी आहे, हे मूल घेण्यापूर्वीच विचारून लिहून ठेवा. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, मग आजी कितीही आग्रह करो. सप्टेंबर २०२५ पासूनच्या नियमांत जेवणाऱ्या मुलावर नजर आणि कान दोन्ही ठेवण्यावर स्पष्ट भर आहे. मुलाला ताटावर बसवून फोनवर बोलत आत-बाहेर करणे बंद झाले पाहिजे. झोपलेल्या बाळालाही वारंवार जाऊन पाहिले पाहिजे. ते पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर झोपवावे.

पिण्याचे ताजे पाणी मुलांना सदैव मिळाले पाहिजे, असाही एक नियम आहे. ज्यांना १९२७ साली पाण्यासाठी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या लेकींना हा नियम वेगळा शिकवावा लागू नये. गोरे, काळे, कोणत्याही धर्माचे, अपंग वा धडधाकट, प्रत्येक मूल आपल्या घरी एकाच पंगतीत बसेल. समता आपण व्यासपीठावरून सांगतो. तपासनीस ती आपल्या जेवणाच्या टेबलावर शोधतो.

आणि एक कठोर गोष्ट. मुलावर हात उगारणे तर नाहीच, मारण्याची धमकीही द्यायची नाही. "आमच्याकडे एक धपाटा चालतो" ही भाषा चाइल्डमाइंडरच्या घरात चालणार नाही. तसेच एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसला, मूल भेदरलेले वाटले, तर काय कराल, हा प्रश्न तपासनीस हमखास विचारतो. उत्तर पाठ करून उपयोगाचे नाही, ते मनाने मान्य असले पाहिजे. जे दिसले, जे मुलाने सांगितले, ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहायचे आणि कौन्सिलच्या बालसंरक्षण विभागाला कळवायचे. तो फोन नंबर भिंतीवर लावलेला हवा. पालक आपल्याच समाजाचे आहेत, मंडळाचे देणगीदार आहेत, म्हणून झाकून ठेवणे हा मुलाचा विश्वासघात आहे. समाजाची अब्रू मुलाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

तिसरी पायरी : मूल घरी गेल्यानंतर.

दिवस संपला की पाच मिनिटे बसा. आज काय चांगले झाले, कोणते मूल गप्प होते, उद्या काय बदलू, हे चार ओळींत लिहा. पालकांना मुलाच्या दिवसाविषयी सांगा. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाच्या प्रगतीचा थोडक्यात लेखी आढावा पालकांना द्यावा लागतो, तो चुकवू नका. गंभीर अपघात झाल्यास ऑफस्टेडला लवकरात लवकर, चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते. अशी रोजची पाच मिनिटे ज्या बाईने दिली, तिला तपासणीच्या आदल्या रात्री जागावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. साधारणपणे आधी फोन येतो आणि कोणत्या दिवशी कोणती मुले असतात, ते विचारले जाते. नेहमीचा दिनक्रम बदलू नका. नवी खेळणी आणून मुलांना बावचळून टाकू नका. पालकांना कळवा, कारण तपासनीस त्यांचे मत विचारतो. ज्यांना येता येणार नाही, त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या. दार उघडल्यावर प्रथम ओळखपत्र पाहायला मागा. पुष्कळ भगिनींना हे उद्धटपणाचे वाटते. उलट, अनोळखी माणसाला ओळख पटल्याशिवाय मुलांत न सोडणे ही तुमच्या दक्षतेची पहिली खूण आहे. तपासनीस बोलत असताना मूल रडले तर आधी मुलाकडे जा. तो थांबेल. मुलाने थांबू नये.

निकालाविषयीही माहिती असावी. पूर्वी संपूर्ण कामाला एकाच शब्दाचा शेरा मिळत असे. नोव्हेंबर २०२५ पासून ही पद्धत बदलली असून वेगवेगळ्या बाबींवर पाच पायऱ्यांत शेरे दिले जातात, आणि मुलांचे संरक्षण नीट आहे की नाही, हे स्वतंत्रपणे सांगितले जाते. मधली पायरी म्हणजे अपेक्षित दर्जा पूर्ण. पहिल्याच तपासणीत तो मिळाला तर खूप झाले. सुधारणा सांगितल्या तर खचू नका; त्या लिहून घ्या आणि एक-एक पूर्ण करा. अहवाल प्रसिद्ध होतो आणि पालकांनाही द्यावा लागतो. तो कपाटात लपवू नका.

शेवटी मंडळापुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. एक, ज्या भगिनींची तपासणी होऊन गेली आहे, त्यांनी नव्या भगिनीच्या घरी एक सकाळ जाऊन तिला तपासनिसासारखे प्रश्न विचारावेत. दोन, इंग्रजी चांगले असलेल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून त्यांना नियम वाचून समजावून द्यावेत. तुमच्या शिक्षणाचा हा समाजऋण फेडण्याचा सोपा मार्ग आहे. तीन, जे पालक पैसे वाचवण्यासाठी बिननोंदणीच्या बाईकडे मूल ठेवतात, त्यांनी तिला नोंदणीसाठी आग्रह करावा आणि तोवर तिच्या पाठीशी उभे राहावे.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. इतके मोठे बलिदान आज कुणी आपल्याकडे मागत नाही. दक्ष राहा, नोंदी ठेवा, मुलावर माया करा, आणि दार उघडून ताठ मानेने म्हणा : या आणि पाहा. एवढेच मागणे आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!